मदत हवी आहे: फोन घरात एकच, शिकायचंय सगळ्यांना

मंडळी, गावात मोबाईल शिकवण्याचे वर्ग घेतो. अडचण नेटवर्कपेक्षा फोनच्या मालकीची जास्त आहे. फोन नवऱ्याच्या खिशात, बाई वर्गाला येते रिकाम्या हाताने. शिकलेलं घरी करून पाहणार कशावर? ओटीपीही त्याच्याच नंबरवर. मग 'पिन कुणाला सांगू नका' हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचं?

नेट नसताना कोलिब्री (धडे, व्हिडिओ) आणि किविक्स (विकिपीडियासारखी माहिती) ही ॲप्स चालतात, पण त्यावर पैसे पाठवण्याचा सराव होत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) लावला, तर त्यात काही उघडायला दोनदा टॅप करण्यातच सगळे गोंधळले.

खऱ्या पैशांशिवाय सराव करता येईल असं, शक्यतो मराठीत बोलणारं ॲप कुणी वापरलंय का? आणि सामायिक फोनवर बायकांची खाती वेगळी कशी ठेवता?