स्विच विकायचाय, साइन आऊट कुठे सापडेना, मदत करा

अंजिरी:
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीत गेलाय त्यामुळे घरात ठराव पास झालाय की निन्टेन्डो स्विच (व्हिडिओ गेमचं मशीन) विकायचा (ठराव आम्हा दोघांचा, लेक विरोधी पक्षात). माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने २०२१ च्या डिसेंबरात येताना आणला होता, सेटअप वगैरे सगळं त्यानेच केलेलं. ऑफिसमधल्या एकांचा मुलगा रविवारी न्यायला येतोय. काल जेवणं झाल्यावर अर्धा तास ते घेऊन बसले, सगळ्या सेटिंग्ज उघडून बघितल्या पण साइन आऊट म्हणून काही म्हणजे काही दिसत नाही. फोर्टनाइटच्या आत लॉग आऊट आहे, ते दाबलं, परत गेम उघडला तर गडी हजर, नावानिशी. घेणारा मुलगा म्हणतोय की काकू अकाउंटसकटच द्या ना, त्यात चार गेम आहेत. देऊ का? आणि लेकाची एक अट आहे, त्याचं अ‍ॅनिमल क्रॉसिंग या गेममधलं बेट जाता कामा नये. बेट म्हणजे नेमकं काय ते मला विचारू नका.

बटणबहाद्दर:
ताई, साइन आऊट त्यात नाहीच, उगाच डोळे शिणवू नका. होम स्क्रीनवर वर कोपऱ्यात जो गोल चेहरा दिसतो ना तो युजर, आणि निन्टेन्डो अकाउंट त्या युजरला चिकटवलेलं असतं, एकदा चिकटलं की वेगळं करता येत नाही, युजरच डिलीट करावा लागतो. सिस्टम सेटिंग्ज, मग युजर्स, मग मुलाचा युजर, तिथे डिलीट युजर आहे. पण आत्ता दाबू नका!! युजर गेला की त्याचे सगळे सेव्ह (गेम कुठवर आलाय त्याची नोंद) गेले.

पारावरचा_पक्या:
एवढं काय त्यात, फॅक्टरी रीसेट मारा आणि मोकळ्या व्हा

रात्रपाळी:
पक्या, मी मारला होता रे बाबा असाच. विकायच्या आधी एसडी कार्ड काढून घेतलं आणि म्हटलं आपले सेव्ह वाचले, आता मार रीसेट. नवीन स्विच आल्यावर कार्ड घातलं तर त्यात फक्त गेम आणि स्क्रीनशॉट. सेव्ह कायम मशीनच्या आतल्या मेमरीत असतात, कार्डावर जातच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पोकेमॉन शील्ड हा गेम होता, त्याला क्लाऊड बॅकअपही चालत नाही. लहान भाऊ तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, त्याचे पोकेमॉन होते.

बटणबहाद्दर:
म्हणूनच म्हणतोय की क्रम महत्त्वाचा. ताई, स्विच ऑनलाइनची (निन्टेन्डोची पैसे भरून घ्यायची सेवा) मेंबरशिप चालू आहे का ते आधी बघा, असेल तर बऱ्याचशा गेमचे सेव्ह क्लाऊडवर जातात. मेंबरशिप संपली तरी निन्टेन्डो तो डेटा १८० दिवस ठेवते, त्यानंतर भरवसा नाही. पण क्लाऊडवर न जाणारेही आहेत, पोकेमॉन, स्प्लॅटून २, आणि तुमच्या चिरंजीवांचं बेट.

पल्लवी_एडिसन:
बेटाबद्दल मी सांगते, माझ्याकडे दोन मुली आणि एकच बेट, त्यामुळे यातली मी डॉक्टर झालेय. बेट युजरचं नसतं, मशीनचं असतं. एका स्विचवर एकच बेट, घरातले बाकीचे युजर त्याच बेटावर घरं बांधून राहतात. त्यामुळे नेहमीचं युजर ट्रान्सफर केलं तरी बेट मागेच राहतं. न्यायचं असेल तर आयलंड ट्रान्सफर टूल म्हणून वेगळं फुकट सॉफ्टवेअर आहे ईशॉपवर (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान), ते दोन्ही मशीनवर उतरवायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून बेट हलवायचं. मेख अशी की दुसऱ्या मशीनवर आधीपासून बेट असेल तर जमत नाही. बेटाचा बॅकअपही असतो पण तो मशीन हरवलं किंवा बिघडलं तर सपोर्टला कळवून परत मिळवायचा, विकणाऱ्यांसाठी नाही तो.

अंजिरी:
दुसरं मशीन नाशिकरोडला माझ्या भाच्याकडे आहे. फोन केला तर त्याचंही बेट आहे आणि तो म्हणतो माझं कशाला उडवू मावशी. बरोबरच आहे म्हणा. मेंबरशिप भावाच्या कार्डावरून दरवर्षी आपोआप कापली जाते म्हणे, १९.९९ डॉलर, त्यालाही आत्ताच कळलं.

रात्रपाळी:
मग अकाउंटसकट द्यायचा विषयच संपला!! ईशॉपवर कार्ड सेव्ह असणार. माझ्या एका मित्राने तसाच दिला होता ओळखीतल्या पोराला, आणि खरेदीला पासवर्ड विचारू नकोस असं सेट करून ठेवलेलं, त्या पोराने दोन गेम घेतले, त्याला वाटलं फुकट आहेत. आधी कार्ड काढा, ऑटो रिन्यूअल बंद करा. डिजिटल गेम अकाउंटचे असतात, मशीनचे नाहीत, त्या मुलाला स्पष्ट सांगा की फक्त मशीन मिळेल आणि जी कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायची गेमची कार्डं) आहेत ती. किंमत थोडी उतरवावी लागली तर उतरवा.

सांगलीकर_८८:
कुणीतरी प्रायमरी कन्सोल (अकाउंटचं मुख्य मशीन) डीरजिस्टर कर म्हणून सांगेल त्याआधी लिहून ठेवतो, जुने व्हिडिओ सगळे तेच दाखवतात. २०२५ च्या एप्रिलअखेरच्या अपडेटनंतर व्हर्च्युअल गेम कार्ड आलंय. होम मेनूवर त्याचं वेगळं चिन्ह आहे, तिथे डिजिटल गेम कार्डासारखे रांगेत दिसतात, एकेक निवडून इजेक्ट करायचा. मग तो भाच्याच्या मशीनवर लोड करता येतो. अकाउंट एका वेळी दोन मशीनला जोडता येतं म्हणून विकायचं मशीन त्यातून मोकळं करा, नाहीतर दहावी झाल्यावर नवीन घ्याल तेव्हा पंचाईत.

पारावरचा_पक्या:
फोर्टनाइटचं कुणी बोललंच नाही, तो तर मुख्य प्रश्न होता ताईंचा

बटणबहाद्दर:
अरे हो. फोर्टनाइटचं खातं एपिकचं (गेम काढणारी कंपनी), ते निन्टेन्डो अकाउंटला जोडलेलं, म्हणून लॉग आऊट केलं तरी तो युजर गेम उघडला की परत आत घेतो. युजर मशीनवरून गेला की घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, स्किन (गेममधले पोशाख) वगैरे एपिकच्या खात्यावर सुखरूप राहतात, लेक पुढे कॉम्प्युटरवर खेळू शकतो (हे त्याला मार्चनंतरच सांगा). तरी धाकधूक असेल तर एपिकच्या साइटवर पासवर्ड अँड सिक्युरिटीमध्ये साइन आऊट एव्हरीव्हेअर आहे, ते दाबून पासवर्ड बदला.
आणि दोन्ही मशीन नाशकातच आहेत तर लेकाचा अख्खा युजर भाच्याच्या मशीनवर ट्रान्सफर करा ना, एका स्विचवर आठ युजर राहतात. बेट सोडून बाकी सेव्ह जातील, आणि तुमच्या मशीनवरून युजर आपोआप निघेल, डिलीटची भानगडच नाही.

अंजिरी:
शनिवारचा वृत्तांत. भावाने कार्ड काढलं, रिन्यूअल बंद केलं. संध्याकाळी नाशिकरोडला गेलो, दोन्ही मशीन डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवली आणि युजर तिकडे गेला, वीस मिनिटं लागली कारण मध्ये वायफाय गेलं. बेटाचं लेकाला सगळं समजावलं, मला वाटलं रडारड होणार, तर म्हणाला जाऊ दे पण आधी फोटो. काल रात्रीच साडेअकरापर्यंत बेटावर फिरून फोटो काढत होता. ते फोनवर घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि एका वेळी दहाच जातात, असे सात वेळा केले. एका प्राण्याच्या घरासमोर बाक ठेवलाय त्याने, तिथले चौदा फोटो आहेत.

पल्लवी_एडिसन:
चौदाच? माझ्या धाकटीने शंभर काढले असते. आता सिस्टम सेटिंग्ज, सगळ्यात खाली सिस्टम, फॉरमॅटिंग ऑप्शन्स, त्यात इनिशिअलाइज कन्सोल, म्हणजेच फॅक्टरी रीसेट. संपलं.

अंजिरी:
संपलं नाही!! पिन मागतंय. पॅरेंटल कंट्रोल भावाने लावलेलं. इथे रविवारचे बारा वाजलेत, तिकडे पहाटेचे अडीच, फोन उचलत नाही आणि तो मुलगा चारला येतोय.

सांगलीकर_८८:
भावाच्या फोनवर पॅरेंटल कंट्रोलचं अ‍ॅप असेल तर त्यात पिन दिसतो, पण त्यासाठी भाऊ जागा हवा. चार ते आठ आकडी असतो. अंदाजाने बघा, भाऊ तुमचाच आहे.

अंजिरी:
लागला! आमचा जुन्या वाड्यातला लँडलाइन नंबर, सहा आकडी, लेकाने नाही, आईने सांगितला. मशीन आता भाषा कुठली म्हणून विचारतंय, पुढे काही न दाबता बंद करून खोक्यात ठेवलंय. डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) घडीच्या साडीत गुंडाळून ठेवलेला सापडला, चार्जर मात्र सापडत नाहीये.