‘एस्टिमेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: बारावीच्या रसायनशास्त्राच्या टिपणांचं भाषांतर करतेय. ‘एस्टिमेशन ऑफ नायट्रोजन’ला एकाने ‘नायट्रोजनचा अंदाज’ लिहिलंय. कानाला खटकतं. आणि टायट्रेशन म्हणजे अनुमापन की अनुमान?

– अनुमापन. अनुमान म्हणजे तर्क, त्याचा ब्युरेटशी (द्रावण थेंबथेंब मोजून सोडायची खुणांची काचनळी) संबंध नाही. ‘अंदाज’ तर खोडाच. अंदाज पावसाचा, पिकाचा. इथे दशांशापर्यंत आकडा येतो. ‘परिमाणन’ किंवा ‘निर्धारण’ लिहा. मला निर्धारण बरं वाटतं, बोलताना अडखळायला होत नाही.

– पण अनुमापन नेमकं कशाचं, हेही वाक्यात आलं पाहिजे. ‘नायट्रोजनचे अनुमापन’ चूक. केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून नायट्रोजन निर्धारणाची पद्धत मांडली. (हो, बिअरवालेच. त्यांना धान्यातली प्रथिनं मोजायची होती.) नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळला की त्यातला नायट्रोजन अमोनियम सल्फेट होतो. मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया सोडवायचा, ऊर्ध्वपातनाने बोरिक आम्लात धरायचा. अनुमापन होतं ते या अमोनियाचं. नायट्रोजनचं निर्धारण त्यावरून.

– आमच्या लॅबमध्ये उकळण्याच्या पायरीला सगळे ‘डायजेशन’च म्हणतात. पुस्तकात ‘पाचन’ चालेल. काळंकुट्ट द्रव हळूहळू निवळून उत्प्रेरक म्हणून घातलेल्या कॉपर सल्फेटमुळे निळसर-हिरवं दिसायला लागतं. तरी लगेच गॅस बंद करायचा नाही, पुढे बराच वेळ उकळू द्यायचं.

– सूत्र: टक्के नायट्रोजन = 1.4 × अनुमापनातल्या आम्लाची नॉर्मॅलिटी (तीव्रतेचं माप) × लागलेले मिली ÷ नमुन्याचे ग्रॅम. तेल काढलेलं सोयापीठ 0.5 ग्रॅम, 0.1 नॉर्मल आम्ल 29.2 मिली लागलं, ब्लँकला (नमुना न घालता केलेल्या चाचणीला) 0.2. म्हणजे 29 मिली, उत्तर 8.12 टक्के. गुणिले 6.25 (नायट्रोजनवरून प्रथिनं काढायचा ठरलेला गुणक) केलं की प्रथिनं 50.75. ‘ब्लँक’ला ‘कोरी चाचणी’ लिहा, छान शब्द आहे.

– त्या 50.75 ला ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात. ‘कच्ची’ काढू नका. पद्धतीला नायट्रोजन दिसतो, प्रथिन दिसत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे रसायन मिसळलं गेलं ते याचाच फायदा घेऊन. त्यात नायट्रोजन 66 टक्क्यांहून जास्त.

– नायट्रो, अझो संयुगं आणि पिरिडीनसारखी नायट्रोजन असलेली वलयं असतील तर ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. टिपणांत ते वाक्य हवंच, परीक्षेत हमखास विचारतात.

प्रश्नकर्ती: नायट्रोजन की नत्र?

– बारावीला नायट्रोजन. नत्र खताच्या गोणीवर: नत्र, स्फुरद, पालाश. माती परीक्षणाच्या अहवालातला ‘उपलब्ध नत्र’ मात्र वेगळा. तो क्षारीय परमँगनेटने काढतात, एकूण नत्रापेक्षा कितीतरी कमी भरतो. दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.