प्रायश्चित्तकाळ: 46 दिवसांचे 40 कसे, आणि उपवास नेमका कसा करायचा?

प्रश्न
राख बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवास-प्रार्थनेचा काळ, मनापासून पाळायचा आहे. पण पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मोजले तर 46 दिवस भरतात, मग 40 कसे? कॅथलिक नियमाप्रमाणे उपवासाला दिवसभर काहीच खायचे नाही का? आणि पहिल्या आठवड्यातला उत्साह तिसऱ्यापर्यंत ओसरतो, त्याला काय करावे?

प्रतिसाद 1
मधले 6 रविवार वजा करा. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. स्वतःहून सोडलेली वस्तू रविवारी घ्यायची की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. ते राख बुधवारच्या आधीच लिहून ठेवा. ऐन रविवारी ठरवायला बसलात की पळवाट सापडतेच.

बंधनकारक उपवास दोनच दिवस: राख बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे. ही दोन मिळून एका जेवणाएवढी होता कामा नयेत. मध्ये तोंडात काही टाकायचे नाही. पाणी आणि औषध चालते. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपासून पुढे, या दोन दिवशी आणि शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालते. शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवण्याची मुभा त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे, म्हणून आपल्या धर्मगुरूंना विचारा. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी उपवासाचा हट्ट धरू नये.

प्रतिसाद 2
उत्साह ओसरतो, कारण तीन संकल्प तीन दिशांना जातात. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 6व्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास एकापाठोपाठ येतात, ते एकत्रच धरा. संध्याकाळचे खाणे सोडले, तर त्याच 20 मिनिटांत त्या दिवसासाठी नेमलेला शुभवर्तमानाचा उतारा वाचा आणि खाण्याचे शिल्लक राहिलेले पैसे दानासाठी लगेच पाकिटात टाका. पाकिटावर तारीख आणि रक्कम लिहा. खात्यात राहिलेले पैसे घरखर्चात मुरतात आणि गरिबापर्यंत पोहोचतच नाहीत.

रात्री 10 मिनिटे संत इग्नाशियस (जेज्युइट संघाचे संस्थापक) यांच्या पद्धतीने आत्मपरीक्षण करा: आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाशाची याचना, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. बरेच जण थेट उजळणीला हात घालतात, मग प्रार्थना राहते बाजूला आणि नुसती स्वतःची खरडपट्टी होते. आभार पहिले!

प्रतिसाद 3
‘राग सोडेन’ असा संकल्प टिकत नाही, कारण तो पाळला की मोडला हेच कळत नाही. ‘अबोला धरलेल्या अमुक माणसाशी तिसऱ्या शुक्रवारच्या आत बोलेन’ असे लिहा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, जिथे होतात तिथून पुढे चालू लागा. पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापे कबूल करणे) पवित्र सप्ताहावर, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यावर, ढकलू नका. तेव्हा रांग लागते, घाई होते. प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार, म्हणजे धर्मगुरूंच्या गुलाबी वस्त्रांचा, ही खूण धरा.

प्रश्नकर्ती
रविवारचे आजच लिहून ठेवते. 25 मार्चचा सण शुक्रवारी आला तर?

प्रतिसाद 1
देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा तो महासण आहे. त्या शुक्रवारी मांसवर्ज्याचे बंधन नाही. 19 मार्चच्या संत योसेफाच्या सणालाही तेच. पण 25 मार्च पवित्र सप्ताहात आला तर सणच पुढे जातो. 2016 मध्ये त्याच दिवशी गुड फ्रायडे होता, म्हणून तो 4 एप्रिलला साजरा झाला.