मदत हवी आहे: क्लायंटला फ्लॅट आतून दाखवण्यासाठी व्हीआर हेडसेट, बजेट ४० हजार

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंटिरिअरची कामं करते. ऑफिस म्हणजे मी, एक ड्राफ्ट्समन आणि एक लॅपटॉप. खोलीचं थ्रीडी मॉडेल स्केचअपमध्ये, त्याचं खऱ्यासारखं चित्र म्हणजे रेंडर एन्स्केपमध्ये. रेंडर कितीही झकास निघाला तरी क्लायंटचा ठरलेला प्रश्न येतोच, "मॅडम, प्रत्यक्षात एवढी जागा राहणार का?" दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये पलंग आणि वॉर्डरोब यांच्यात किती फट उरते, हे ड्रॉइंगवरच्या आकड्यांनी कुणालाच पटत नाही. म्हणून डोळ्यांवर लावून खोलीत उभं असल्यासारखं दाखवणारा व्हीआर हेडसेट घ्यायचाय. गेम खेळायचे नाहीत. भाच्याला खेळायचेत, पण तो पैसे देणार नाही.

सध्या एन्स्केपमधून पॅनोरमा (चहूबाजूंनी दिसणारं चित्र) काढून क्यूआर कोड पाठवते आणि मोबाइल डब्यात घालून दाखवते. जिओडाइव्ह २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आला होता, तसलाच डबा आहे. मान वळवली की खोली दिसते, पण दोन पावलं पुढे गेलं तरी ओटा जवळ येत नाही. ओटा उंच होईल की ठेंगणा, हे तर त्यात अजिबात कळत नाही आणि नेमकं तेच लोकांना हवं असतं.

समोर तीन पर्याय आहेत:

मेटा क्वेस्ट ३एस. २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला. चुलतभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, तो आणेल.

मेटा क्वेस्ट ३. हा २०२३ चा, सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर. बजेटच्या बाहेर जातो, पण खरंच फरक असेल तर ताणेन.

सेकंड हँड एचपी रिव्हर्ब जी२. एक जण पंधरा हजाराला देतोय. एका डोळ्याला २१६० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे कागदावर तिघांत सरस. इतका स्वस्त का, तेवढं समजत नाहीये.

यातला कुठला घेऊ? चष्मा असलेल्यांना चालतो का? आणि अमेरिकेतून आणला तर इथे चार्जिंगचं वगैरे काय?

प्रतिसाद १
ताई, रिव्हर्बवाल्याला लांबूनच नमस्कार करा. तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या व्हीआर सॉफ्टवेअरवर चालतो आणि मायक्रोसॉफ्टने ते विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकलं. म्हणून तर ओएलएक्सवर हे हेडसेट कांदे-बटाट्याच्या भावात आहेत. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एक फुकट ड्रायव्हर पुढे आला, हौशी लोक त्यावर चालवतातही. पण क्लायंट समोर बसलाय आणि तुम्ही ड्रायव्हर शोधताय, हे धंद्यात परवडत नाही.

तुम्ही सगळं लिहिलंत, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड मात्र लिहिलं नाहीत. एन्स्केपचं व्हीआर हेडसेटमध्ये चालत नाही, ते संगणकावर चालतं. हेडसेट नुसता चित्र दाखवतो आणि डोकं कुठे वळलं ते कळवतो. कार्ड अशक्त असेल तर ९० हजारांचा हेडसेटही काही करू शकणार नाही.

प्रतिसाद २
ठाण्यात हेच काम करतो. ३ आणि ३एस, दोन्ही वापरलेत. प्रोसेसर दोघांत एकच, फरक भिंगांचा. ३एसमध्ये जुन्या पद्धतीची, गोल खाचा असलेली फ्रेनेल भिंगं आहेत, ३ मध्ये नवी, पातळ पॅनकेक भिंगं. गेमिंगवाले म्हणतात तेवढा फरक नाही, पण आपल्या कामात जाणवतो, कारण आपण फॉल्स सीलिंगमध्ये दिवे ठासून भरतो. अंधाऱ्या कोपऱ्यात कोव्ह लाइट (सीलिंगच्या खोबणीत लपवलेला दिवा) लावला की फ्रेनेलमध्ये त्याच्याभोवती प्रकाशाचे फराटे दिसतात. एका काकूंनी मला विचारलं होतं, "हे धुकं पण येणार का?"

दुसरं, डोळ्यांमधलं अंतर. ३एसमध्ये भिंगं हाताने सरकवायची आणि जागा तीनच: ५८, ६३, ६८ मिलिमीटर. ३ ला खाली चाक आहे, हवं तिथे थांबवता येतं. एकटा माणूस वापरणार असेल तर तीन जागा पुरतात. तुमच्याकडे नवरा, बायको, सासूबाई असे ओळीने येणार.

चष्मा चालतो, काढू नका. आत अंतर वाढवायची सोय आहे. फक्त काच भिंगावर घासू देऊ नका, चरे पडले की गेलं. आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. खिडकीजवळचं टेबलसुद्धा नको.

वरखर्च धरा: सिलिकॉनचं कव्हर घ्या, ते पुसता येतं. मूळ स्पंजला पावडर, घाम लागतो आणि टिकल्या चिकटतात. माझ्याकडे एकदा आधीच्या बाईंची टिकली पुढच्या साहेबांच्या कपाळावर गेली होती. पट्टा अंबाड्याच्या खालून घ्यायचा. हातात धरायच्या कंट्रोलरना एकेक पेन्सिल सेल लागतो, तो ऐन वेळी संपतोच. चार्जिंग साध्या टाइप-सीने होतं, अमेरिकन पिनची काळजी नको. वॉरंटीचं मात्र भावाला आधीच विचारायला सांगा.

आणि ओट्याची उंची दाखवायची तर आधी कंट्रोलर जमिनीला टेकवून फ्लोअर लेव्हल सेट करा, क्लायंटला उभं करा. फ्लोअर चार इंच चुकला की ओटाही चार इंच चुकला.

प्रतिसाद ३
सोनी प्लेस्टेशनच्या पीएस व्हीआर२ हेडसेटचा विचार केलात का? आता वेगळा अडॅप्टर घेऊन पीसीलाही लागतो. ओलेड स्क्रीन, काळा रंग खरंच काळा.

प्रतिसाद २
त्याला वायर आहे हो. आजोबा वायरीत अडकले तर काम जाईल. क्वेस्टला वायर नको, लॅपटॉपवरचं चित्र वायफायने हेडसेटमध्ये पाठवणारं स्टीम लिंक अॅप फुकट आहे. फक्त राउटर ५ गिगाहर्ट्झचा हवा, त्याच खोलीत हवा, आणि लॅपटॉप त्याला लॅन केबलने जोडायचा. लॅपटॉपही वायफायवर ठेवलात तर चित्र अडखळतं आणि चित्र अडखळलं की लोकांना मळमळतं. सुरुवातीला पाच मिनिटांच्या वर कुणाला ठेवू नका. चालवायचंही नाही, कंट्रोलर रोखून एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायची.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. रिव्हर्ब रद्द. लॅपटॉप पाहिला: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५०, त्याची मेमरी ४ जीबी.

प्रतिसाद १
तिथेच घोडं अडलं. ४ जीबीत एन्स्केप कसंबसं चालतं, पण व्हीआरला दोन डोळ्यांची दोन चित्रं लागतात. ८ जीबीच्या खाली जाऊ नका. माझं ऐकाल तर भावाला ३एस आणायला सांगा, तो बजेटमध्ये बसेल. उरलेले लॅपटॉपच्या खात्यात ठेवा. ३ घेतलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

धागाकर्ती
म्हणजे नवा लॅपटॉप येईपर्यंत हेडसेटमध्येही पॅनोरमाच दाखवायचा? तसं असेल तर घाई करत नाही. प्रतिसाद २ वाले दादा, पुढच्या महिन्यात ठाण्याला साइट आहे. तुमच्याकडे ३एसमध्ये कोव्ह लाइटवाली एखादी खोली बघायला मिळेल का? मॉडेल मी घेऊन येते.

प्रतिसाद २
या की. शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. टेक्स्चरसकट फाइल आणा.