खटला जिंकूनही अँटिग्वाच्या हाती काय पडलं?

उत्तरायण (धागाकर्ता)
जागतिक व्यापार संघटनेत 166 सदस्य आहेत आणि कागदावर सगळ्यांचे हक्क सारखे. माझ्या मते हा सारखेपणा निकाल लागेपर्यंतच टिकतो.

कॅरिबियन बेटांवरच्या अँटिग्वा-बार्बुडाची वस्ती जेमतेम लाखभर. तिथल्या ऑनलाइन जुगार कंपन्यांना अमेरिकेने दार बंद केलं म्हणून 2003 मध्ये त्यांनी तक्रार केली. 2005 मध्ये अपिलातही मुख्य मुद्द्यावर जिंकले, तरी अमेरिका ढिम्म. मग 2007 मध्ये लवादाने वर्षाला 2.1 कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची मुभा दिली. एरवी प्रत्युत्तर म्हणजे हरलेल्या देशाच्या मालावर जादा आयात शुल्क. ते अँटिग्वाने लावलं तर महागाई त्यांच्याच लोकांच्या माथी, अमेरिकेला त्याची झळही नाही. म्हणून अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क (कॉपीराइट, पेटंट वगैरे) आपल्याकडे गोठवण्याची वाट काढली. 2013 मध्ये तीही मंजुरी मिळाली, पण वापरली गेली नाही.

आता कापूस बघा. अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध ब्राझील लढला, जिंकला, प्रत्युत्तराची तयारी दाखवली आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेऊन गेला. त्याच अनुदानांमुळे भाव पडतात असं बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली 2003 पासून सांगताहेत. त्यांना भरपाई नाही.

सांजवात
उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष पटत नाही. बांगलादेशच्या बॅटऱ्यांवर भारताने अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावरचं जादा शुल्क) लावलं होतं. 2004 मध्ये बांगलादेशने तक्रार केली, सल्लामसलत झाली आणि पुढच्याच वर्षी भारताने शुल्क मागे घेतलं. निवाडा करणारं पॅनेल नेमायचीही वेळ आली नाही. अंतर्वस्त्रांच्या कोट्यावरून कोस्टारिकाने 1997 मध्ये अमेरिकेला हरवलं. नियम नसते तर या देशांनी कुणाच्या दारात उभं राहायचं?

उत्तरायण
सांजवात, अत्यल्प विकसित, म्हणजे जगातल्या सर्वांत गरीब गणल्या जाणाऱ्या देशांपैकी अशी तक्रार आजवर एकट्या बांगलादेशनेच केली आहे. बाकीच्यांना तक्रारी नाहीत असं तुम्हाला वाटतं का? वकील परवडत नाहीत, आणि ज्याच्या मदतीवर देश चालतो त्याच्यावर खटला कोण भरेल?

पाणकोंबडा
खटल्यापर्यंत जाऊच नका, प्रवेशाच्या वेळीच पिळवणूक होते. पॅसिफिकमधल्या सामोआ या बेट-देशाने लोकांच्या आरोग्यासाठी 2007 मध्ये टर्कीच्या चरबीदार शेपट्यांची आयात बंद केली होती. 2012 मध्ये सदस्य होताना ती बंदी उठवायचं कबूल करावं लागलं. आपल्या लोकांनी काय खावं याची काळजीही सरकारने करायची नाही? मला याचा संताप येतो.

सांजवात
सामोआच्या बाबतीत मीही तुमच्या बाजूने. पण उत्तरायण, वकिलांचा मुद्दा अर्धाच आहे. अशा देशांना स्वस्तात कायदेशीर मदत द्यायला 2001 पासून जिनिव्हात स्वतंत्र सल्ला केंद्र आहे. खरा घाव डिसेंबर 2019 मध्ये बसला. अमेरिकेने नेमणुका अडवल्याने संघटनेतली अपिलं ऐकणारं अपिलीय मंडळ बंद पडलं. हरलेला देश आता अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकतं. यात लहान देशच आधी मरतो. म्हणून म्हणते, आधी ते मंडळ उभं करा.

उत्तरायण
जसंच्या तसं उभं केलं तर अँटिग्वा पुन्हा तिथेच अडकेल. आफ्रिकी देशांनी 2002 मध्येच सामूहिक प्रत्युत्तराची मागणी केली होती: जिंकलेल्या लहान देशाच्या वतीने बाकीच्या सदस्यांनीही शुल्क लावायचं. त्याशिवाय मंडळाला माझा पाठिंबा नाही.

सांजवात
ती अट आधी घातलीत तर मोठे देश चर्चेलाच बसणार नाहीत, आणि तोवर अपिलं लटकलेलीच राहतील. मला हे मान्य नाही.