पांढरा रस्सा फाटतो, काय चुकतंय?

रंकाळाकाठ: अर्धा किलो मटण, एका नारळाचं दूध. रस्सा फाटतो, शिवाय पिवळट दिसतो. उपाय सांगा.

गंगावेस: उकळत्या अळणीत (मटण शिजवल्याच्या पाण्यात) दूध ओतलं की फाटणारच. २ चमचे खसखस, १ चमचा तीळ, ८-१० काजू भिजवून अगदी गंधासारखं वाटा. तुपात लवंग-दालचिनी, मग वाटण. लाल होऊ देऊ नका. अळणी घालून एक उकळी काढा. आता आच बारीक करून दूध घाला, ढवळत राहा, उकळी फुटायच्या आत उतरवा.

बावडा_चुलीवर: पिवळटपणा हळदीचा. मटण आलं-लसूण-मिठातच शिजवा. तिखटाला पांढरी मिरी. (लाल तिखट घालणाऱ्यांनी सरळ तांबडा करावा!)

गंगावेस: लिंबूही भांड्यात नको, वाटीत पिळा. परत तापवताना उकळू नका.