1973ची होल्डन यूट, शेडमधली. घेऊ की पळून येऊ?

तारनीटचा_सातारकर

मंडळी, इथे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या उत्तरेला शेपार्टनच्या अलीकडे नाशपातीच्या बागेतल्या एका शेडमध्ये 1973ची होल्डन एचक्यू यूट (पुढे कार, मागे उघडा हौदा) बघून आलोय. पांढरी (एकेकाळी), 202 घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, दांडा स्टिअरिंगच्या खाली. मालक पंचाहत्तरीचे आजोबा. गाडी 2004पासून रस्त्यावर आलेली नाही. 9,000 डॉलर म्हणतात. इंजिन चालू करून दाखवलं नाही, कारण बॅटरीच्या जागी अंडं होतं. कोंबडीचं. आजोबांनी ते शांतपणे उचलून खिशात टाकलं.

माझी तयारी सांगतो: तेल आणि ब्रेक पॅड स्वतः बदलतो, वेल्डिंगचा संध्याकाळचा कोर्स केलाय, पण टाके अजून चिमणीच्या शिटेसारखे पडतात. सगळं धरून बजेट 20 हजार, वेळ तीन वर्षं.

आता हीच का? कोरेगावला आमच्या काकांची अ‍ॅम्बेसेडर होती. टोमॅटोच्या दिवसांत मागची सीट काढून ओट्यावर ठेवायची आणि आत क्रेट भरायचे. ओट्यावरच्या सीटवर आजी दुपारची झोपायची. रविवारी आजीला उठवून सीट परत गाडीत, आणि सगळे देवाला. इथे आल्यावर पहिल्यांदा यूट पाहिली, पुढून कार आणि मागे हौदा, तेव्हा वाटलं की काकांना हवी होती ती गाडी या लोकांनी बनवून ठेवलीय.

पुढच्या शनिवारी परत जातोय. काय काय बघू?

बेंडिगो_काका

तुमच्या काकांसारखीच इथली एक शेतकरीण होती. तिने फोर्डला पत्र लिहिलं की रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं घेऊन बाजारात जाता येईल अशी एकच गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट नावाच्या विशीतल्या पोराने ती काढली आणि 1934 साली पहिली यूट आली. हे त्या आजोबांना सांगू नका हं. होल्डनवाल्यासमोर फोर्डचं कौतुक केलंत तर 9चे 11 हजार होतील.

एचक्यू निवडलीत ते बरं. 1971 ते 74मध्ये साडेचार लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे रबरापासून पत्र्यापर्यंत पुष्कळ काही नवं मिळतं.

गंजनाशक

इंजिन विसरा. पत्रा बघा.

मी एचजे घेतली होती, हिचीच धाकटी बहीण. रंग चकाचक, मी खूश. पॉलिश पेपर मारला तर आत पुट्टी, पुट्टीखाली जाळी, जाळीखाली वर्तमानपत्र. पत्र्याचं काम एका गॅरेजला दिलं. त्यांनी चौदा महिने गाडी ठेवली आणि वर्तमानपत्र काढून नवीन पुट्टी भरली. म्हणून कळकळीने सांगतोय.

लिटरभर पाण्याची बाटली न्या. बॉनेटच्या मागे, समोरच्या काचेखाली जाळी आहे, तिथे हळूहळू ओता आणि आत डॅशबोर्डखाली हात धरा. त्या पोकळीत पन्नास वर्षं पानं साठून कुजलेली असतात आणि पत्रा आतून जातो. हात ओला झाला तर डॅश उतरवून काम, म्हणजे काही महिने गेले. मग सीट पुढे ओढून मागच्या काचेखालचा कोपरा चाचपा. हौद्यातलं रबर उचला, आजोबा नको म्हणाले तर नक्की उचला. फाळक्याची खालची कड, मागच्या चाकांच्या पाठीमागचा भाग, दाराखालची पट्टी. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी.

खाली झोपून फ्रेमही बघा. पुढच्या अर्ध्यालाच वेगळी फ्रेम आहे, ती बॉडीला जिथे बोल्टने धरलीय तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर चहा पिऊन परत या.

जुना_फिटर

गंजनाशकांचं बरोबर, पण इंजिन अगदीच विसरू नका. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. तिथल्या तिथे जंप केबल लावून मर्दुमकी दाखवायची नाही. या इंजिनात कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) गिअर फायबरचा असतो, दात झडतात. तो काढून धातूचा बसवायचा, मोठा खर्च नाही.

शिशाचं पेट्रोल इथे 2002च्या सुरुवातीला बंद झालं. जुन्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचाच आधार होता, म्हणजे शेवटची दोन वर्षं ही काय प्यायली ते विचारा. व्हॉल्व्ह सीट बदलल्या नसतील तर हेड उतरवावं लागेल असं धरून भाव करा. पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत की डिस्कचे? साध्या यूटला ड्रमच येत. ड्रमवर मेलबर्नच्या रिंगरोडला जाणार असाल तर विमा वाढवा.

गिअरचा दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अडकला तर घाबरू नका. बॉनेट उघडून हाताने सोडवायचा, फियाटवाल्यांना हे माहीत आहे.

कागद: पीपीएसआरवर (तारण ठेवलेल्या मालाची सरकारी नोंदवही) दोन डॉलर भरून कर्ज-चोरी तपासा. पूर्ण रजिस्ट्रेशनच्या मागे लागू नका, क्लब परमिट घ्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबमार्फत मिळणारा मोजक्या दिवसांचा परवाना. 25 वर्षांवरच्या गाडीला मिळतं, वर्षाला 45 किंवा 90 दिवस चालवता येते. रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, मात्र लागेलच.

पुणेरी_पाना

घरी विचारलंत का?

तारनीटचा_सातारकर

जाऊन आलो.

पाणी ओतलं. हात नाही, थेट बूट ओला झाला. आजोबा म्हणाले, "उन्हाळ्यात बरं वाटायचं." रबर उचललं: हौद्याचा तळ ठणठणीत, कारण त्यांनी तीस वर्षं त्यावर प्लायवुड टाकून नाशपाती वाहिली. मागच्या काचेखाली एका कोपऱ्यात बोट जातं. फाळका गेलाय. फ्रेमला स्क्रूड्रायव्हर चार ठिकाणी टोचला, कुठेही आत गेला नाही. पुढे ड्रम. इंजिन पान्याने फिरलं, कुरकुरत. सीटमध्ये उंदराचं घरटं होतं, म्हणून मग सीटखाली हात घालायचं धाडस केलं नाही. उंदीर तिथे साप, हे कोरेगावात आणि शेपार्टनला सारखंच.

मी 6,000 म्हणालो. ते काही बोलले नाहीत, शेडच्या मागे गेले आणि एक जास्तीचा फाळका घेऊन आले, 1980 साली भंगारातून आणून ठेवलेला. 7,200ला ठरलं. ड्रमवर रिंगरोडला जाणार नाही, फिटरसाहेब, निदान दोन वर्षं तर कुठेच जाणार नाही.

पुणेरी_पाना, घरी विचारलं. ही म्हणाली, सीट दुरुस्तीला काढशील तेव्हा ती ओट्यावर नाही, गॅरेजमध्येच ठेवायची.

आता एकच अडचण. बंद गाडी ओढून चढवायला विंच असलेला ट्रेलर कुणाकडे आहे का? 21 तारखेच्या शनिवारी. डिझेल आणि जेवण माझ्याकडे.